रेडियमच्या यंत्रावर कार्डशीट

तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडाजवळ रेडियमचे दुकान हमखास असते. रिक्षावरचे देवाचे नाव, ट्रॅक्टरवरची वेलबुट्टी ही कामे तिथे होतात. तुम्ही नाव सांगता. दुकानदार ते कॉम्प्युटरवर लिहितो. शेजारच्या यंत्रात रंगीत कागदाची गुंडाळी लावलेली असते. यंत्र खर्र खर्र आवाज करते आणि थोड्याच वेळात अक्षरे कापून तयार होतात.

आता समजा, गावातल्या बचत गटाच्या बायकांनी गणपतीसाठी कागदाची तोरणे करायची ठरवली. नक्षी ठरली. कार्डशीटचे ताव आणले. पण शंभर तोरणांची नक्षी कात्रीने कापायची म्हणजे बोटांना फोड येणार. म्हणून त्या रेडियमच्या दुकानात जातात आणि विचारतात, ‘‘दादा, एवढं यंत्रावर कापून द्याल का?’’

दुकानदार म्हणतो, ‘‘ताई, ह्या यंत्रावर कागद कापत नाही. फाटतो.’’

दुकानदार खोटे बोलत नाही. त्याने कधी तरी करून पाहिलेले असते आणि कागद फाटलेला असतो. पण त्याचे म्हणणे पुरते खरेही नाही. तेच यंत्र, तेच पाते आणि तोच कागद असला, तरी काम नीट होऊ शकते. मात्र कागद का फाटतो, हे आधी समजले पाहिजे. तेच आम्ही या पाठात सांगणार आहोत.

हे समजून घेण्याला कारणही आहे. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढली आणि सजावटीसाठी थर्मोकोल वापरायला बंदी केली. तेव्हापासून कागदाच्या आणि पुठ्ठ्याच्या मखरांना, तोरणांना मागणी आली. हे काम घरी बसून करता येते. पण ताव फाटले, तर मजुरी तर बुडतेच, वर कागदाचे पैसेही जातात.

रेडियम म्हणजे काय?

आधी नावाचा उलगडा करू. रेडियम हा खरे म्हणजे एक धातू आहे. मेरी क्यूरी आणि पिएर क्यूरी या पतिपत्नींनी १८९८ साली तो शोधून काढला. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना रेडियम घातलेला रंग लावीत. तो अंधारात चमके. त्यावरूनच चमकणाऱ्या कागदाला लोक रेडियम म्हणू लागले असावेत. या कागदात रेडियम नसते. ते असते प्लास्टिक. त्याचे नाव व्हिनाईल. म्हणून त्या यंत्राला इंग्रजी जाणणारे लोक व्हिनाईल कटर म्हणतात. कोणी प्लॉटर म्हणतात. आपण रेडियमचे यंत्रच म्हणू.

अशी यंत्रे पाट्यांच्या धंद्यात १९८० नंतर आली. त्यात अमेरिकेतल्या जोसेफ गर्बर यांच्या कंपनीचा मोठा वाटा होता. गर्बर यांचा जन्म १९२४ साली व्हिएन्ना शहरात झाला. हिटलरच्या राजवटीतून सुटून ते १९४० साली अमेरिकेत गेले. तिथे शिकत असताना त्यांना आलेखावर मापे घ्यायला अडचण येऊ लागली. तेव्हा त्यांनी आपल्या पायजम्याचे इलॅस्टिक काढले, त्यावर खुणा केल्या आणि ते ताणून मोजपट्टी म्हणून वापरले. त्या मोजपट्टीतूनच पुढे त्यांचा कारखाना उभा राहिला. अडचण नीट पाहिली, तर वाट सापडते ती अशी.

यंत्र कसे चालते?

यंत्राची रचना साधी आहे. एक आडवा दांडा असतो. त्यावर एक डबी डावीउजवीकडे सरकते. डबीत पाते बसवलेले असते. खाली एक खरखरीत लोखंडी लाट असते. लाटेवर रबरी चाके दाबून बसवलेली असतात. लाट फिरली, की कागद पुढे-मागे सरकतो. पाते आडवे चालते आणि कागद उभा चालतो. या दोन चाली मिळून सरळ, वाकडी, गोल, हवी तशी रेघ निघते.

आता पाते पाहा. ते सुईएवढे बारीक असते. त्याचे टोक तिरके घासलेले असते. हे पाते आपल्या नळीत मोकळे फिरते. त्याला कोणी वळवत नाही. जिकडे ओढावे तिकडे ते आपोआप तोंड करते. दवाखान्यातल्या ढकलगाडीचे पुढचे चाक असेच असते. गाडी वळली, की चाक आपण होऊन वळते.

पण चाकाला वळायला थोडी जागा लागते. तशी ती पात्यालाही लागते. पात्याचे टोक मधल्या आसापासून थोडे बाजूला असते. नेहमीच्या पात्यात हे अंतर सुमारे पाव मिलिमीटर असते. हा आकडा यंत्राला सांगावा लागतो. दुकानदार त्याला ऑफसेट म्हणतात. आकडा चुकला, तर कोपरे गोल होतात, नाही तर कोपऱ्याला शेपटी फुटते.

मग कागद फाटतो का?

रेडियमच्या कागदाला तीन थर असतात. वर रंगीत प्लास्टिक, मध्ये गोंद आणि खाली गुळगुळीत कागद. या खालच्या कागदाला आपण पाठ म्हणू. यंत्राचे पाते फक्त वरचे प्लास्टिक कापते. पाठ शाबूत राहते. अक्षर कापले गेले, तरी ते गोंदाने पाठीला चिकटून असते. ते हलत नाही, उचलत नाही.

कार्डशीटला पाठ नाही. हीच सगळी मेख आहे.

सैल कापड कात्रीने कापून पाहा. ते गोळा होते. तेच कोणी दोन्ही बाजूंनी ताणून धरले, तर सरळ कापते. कागदाचेही तसेच आहे. पाते त्याला ओढते. धरून ठेवणारे कोणी नसले, की तो पात्याबरोबर सरकतो. अर्धी कापलेली नक्षी वर उचलते. पाते पुन्हा फिरून आले, की तिच्यात अडकते. मग कागद टरकतो.

दुसरी गोष्ट. प्लास्टिक थोडे लवचिक असते. पाते वळताना ते सांभाळून घेते. कागद तसा नाही. कागद म्हणजे झाडाच्या बारीक तंतूंचा थर. कोपऱ्यावर पाते जोराने वळले, की तंतू कापले जात नाहीत, उपटले जातात. म्हणून कागदाचे कोपरे कुरतडल्यासारखे दिसतात.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कागदाला पाठ द्यायची. पाते बेताने बाहेर काढायचे. आणि घाई करायची नाही. आता एकेक गोष्ट पाहू.

आधी कागद ओळखा

दुकानात कागद मागताना ‘जाड’ किंवा ‘पातळ’ एवढे सांगून भागत नाही. कागदाचे वजन विचारावे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कागद जितके ग्रॅम भरतो, तितके त्याचे वजन. दुकानदार याला जीएसएम म्हणतात. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएम असतो. लग्नपत्रिकेचा जाड कागद २५० ते ३०० पर्यंत असतो. रेडियमच्या यंत्राला १६० ते २२० चा कागद सोयीचा पडतो. यंत्र जोरकस असले, तर त्याहून थोडा जाडही चालतो. पण बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा किंवा वहीचा कडक पुठ्ठा या यंत्राचे काम नव्हे. तो कापायचा हट्ट धरला, तर पात्याचे टोक मोडते.

कागदावर आकडा लिहिलेला नसला तर काय करावे? ए-४ मापाचे १६ ताव घ्यावेत. हे म्हणजे झेरॉक्सच्या कागदाचे माप. असे १६ ताव शेजारी शेजारी मांडले, तर बरोबर एक चौरस मीटर जागा भरते. तेव्हा ते १६ ताव काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरतील, तितके जीएसएम. ३२०० ग्रॅम नव्हे बरं का, ३२० ग्रॅम भरले तर कागद ३२० चा, आणि २०० ग्रॅम भरले तर २०० चा. बारीक वजनाचा काटा कुणा दुकानदाराकडे असतोच.

जाडीही मोजता येते. दहा ताव एकावर एक घट्ट दाबून धरा आणि पट्टी लावा. दहांची जाडी अडीच मिलिमीटर भरली, तर एकाची पाव मिलिमीटर. साधारण २०० जीएसएमचा कागद एवढा जाड असतो. ही जाडी पुढे पाते लावताना उपयोगी पडेल.

कागदाला पाठ द्या

कागदाला पाठ देण्यासाठी चिकट मॅट मिळते. ती प्लास्टिकची, हलक्या गोंदाची असते. तिच्यावर कार्डशीट चिकटवायची आणि मॅटसकट यंत्रात घालायची. पाते कागद कापते आणि मॅटला नुसता ओरखडा येतो. एकच मॅट पुष्कळ वेळा वापरता येते.

कागद लावताना तो एका कडेपासून लावत जावा. हाताने किंवा लाटण्याने दाबावा. मध्ये हवा राहू देऊ नये. एखादी कडा उचललेली असली, तर पाते नेमके तिथेच अडकते. मॅटचा गोंद कमी झाला असला, तर कागदाच्या चारी कडांना चिकटपट्टी लावावी. मात्र नक्षी त्या पट्टीच्या आत राहील असे पाहावे.

नवी मॅट फार चिकट असते. तिच्यावरून कागद सोडवताना त्याचा पापुद्रा निघतो. म्हणून नवी मॅट आधी स्वच्छ सुती कापडावर दोन-तीनदा दाबून काढावी. गोंद थोडा मंद होतो. काम संपल्यावर मॅटवर तिचे प्लास्टिकचे झाकण पुन्हा घालावे. धूळ बसली, की मॅट निकामी होते.

मॅट यंत्रात घालताना रबरी चाके मॅटच्या कडेवर यावीत. ती कागदावर आली, तर कागदावर त्यांचे वळ उठतात. मॅट सरळ घालावी. यंत्राच्या पुढे आणि मागे जागा मोकळी ठेवावी. मॅट मागे भिंतीला अडली, तर चाल चुकते आणि सगळी नक्षी तिरकी होते.

पाते किती बाहेर काढावे?

पुष्कळांची चूक इथे होते. कागद जाड आहे, म्हणून पाते पुष्कळ बाहेर काढतात. मग पाते मॅटमध्ये खोल रुतते आणि नांगर खडकात अडावा तसे अडते. कागद तर फाटतोच, शिवाय मॅट चिरते. पात्याच्या खाली यंत्राची एक पांढरी पट्टी असते. पाते तिथवर गेले, तर तिच्यात चर पडतो. मग पुढे रेडियमचे कामही नीट होत नाही.

नियम सोपा आहे. पाते कागदाच्या जाडीपेक्षा किंचितच अधिक बाहेर असावे. पाव मिलिमीटरचा कागद असेल, तर पाते पाव मिलिमीटरहून केसभर जास्त.

एवढे बारीक माप डोळ्याने कसे घ्यायचे? हाताने घ्यायचे. पात्याची नळी यंत्रातून काढा. पाते पुरते आत घ्या. मग नळी फिरवून ते थोडे थोडे बाहेर काढा. दर वेळी त्याच कागदाच्या तुकड्यावर नळी पेनासारखी धरून एक रेघ ओढा. खाली जुनी मॅट ठेवा. ज्या वेळी कागद कापला जाईल आणि मॅटला फक्त ओरखडा दिसेल, तिथे थांबा. तेच तुमचे माप.

पात्याचे कोनही निरनिराळे असतात. ४५ अंशांचे पाते रेडियमला नेहमी वापरतात. ते पातळ कार्डशीटला चालते. जाड कागदाला आणि बारीक नक्षीला ६० अंशांचे पाते बरे पडते. पात्यावरच्या टोपीच्या रंगावर विसंबू नका. कंपनीप्रमाणे रंग बदलतात. कोन विचारूनच पाते घ्या.

आणखी एक गोष्ट. कागदात खडूसारखी पांढरी माती मिसळलेली असते. ती पात्याला झिजवते. म्हणून कागदावर पाते लवकर बोथट होते. कागदासाठी एक पाते वेगळेच ठेवावे. कागदाचा भुसा नळीत जाऊन बसतो. मग पाते मोकळे फिरत नाही आणि नवे पातेसुद्धा कागद फाडू लागते. म्हणून नळी अधूनमधून उघडून साफ करावी.

दाब आणि वेग

पाते किती जोराने दाबावे, हे यंत्राला ग्रॅममध्ये सांगतात. रेडियमला साधारण ८० ते १२० ग्रॅम दाब पुरतो. कार्डशीटला याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त लागतो. नक्की किती, ते कागदावर, पात्यावर आणि यंत्रावर अवलंबून आहे. म्हणून कमी दाबापासून सुरुवात करावी आणि थोडा थोडा वाढवावा.

एका फेरीत कागद कापत नसेल, तर दाब भरमसाट वाढवू नका. त्याच रेघेवरून यंत्राला दोन फेऱ्या करू द्या. पहिल्या फेरीत अर्धा कागद कापेल आणि दुसऱ्या फेरीत उरलेला. लाकूड करवतीने कापताना आपण एका दमात कुठे कापतो? सावकाश कापलेले काम साफ येते.

वेगही कमी ठेवा. रेडियमला जो वेग ठेवतात, त्याच्या निम्म्याहून कमी. कोपऱ्यावर पाते वळायला वेळ मिळतो आणि तंतू उपटले जात नाहीत.

आधी नमुना, मग काम

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी आपल्यात म्हण आहे. यंत्रावर ती नेहमी खरी होते. नवा ताव लावला, की लगेच मोठी नक्षी कापायला घेऊ नका. तावाच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन कापा. त्याच्या आत एक लहान गोल कापा.

मग पाहा. चौकोन सुटून आला आणि कोपरे टोकदार असले, तर सगळे ठीक. कागद पुरता कापला नसेल, तर दाब थोडा वाढवा. कोपरे गोल आले, तर ऑफसेटचा आकडा तपासा. कडा कुरतडल्यासारखी आली, तर पाते बोथट आहे किंवा वेग जास्त आहे. रेघेची सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत, तर शेवट थोडा पुढे न्यायला यंत्राला सांगा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

कापण्याचा क्रमही सांभाळावा. आतली भोके आधी, बाहेरची कड शेवटी. बाहेरची कड आधी कापली, तर तुकडा सुटा होतो आणि आतले काम करताना सरकतो.

आपली अक्षरे कापताना

यंत्राला फोटो कळत नाही. त्याला फक्त रेघ कळते. कॉम्प्युटरवर आपण अक्षर लिहितो, तेव्हा त्याच्या कडेची रेघ यंत्र धरते. इथे मराठी अक्षरांची एक गंमत आहे.

आपली अक्षरे शिरोरेघेने जोडलेली असतात. ‘गणपती’ हा शब्द कापला, तर शिरोरेघेमुळे तो सगळा एकसंध उचलता येतो. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी पडतात. हा आपला फायदा. पण कॉम्प्युटरवर ही अक्षरे जोडलेली दिसली, तरी आत ती एकावर एक चढलेली असतात. तशीच कापली, तर पाते शिरोरेघ मधेमधे आडवी कापते आणि शब्दाचे तुकडे होतात. म्हणून कापण्याआधी सगळी अक्षरे जोडून एक करायला दुकानदाराला सांगा. ही सोय कॉम्प्युटरवर असते.

‘भ’, ‘ध’, ‘थ’ या अक्षरांवर शिरोरेघ अर्धीच असते. तिथे शब्द सुटतो. त्या जागी एक बारीक दांडी जोडून घ्या. ‘मंगल’ या शब्दावरचा अनुस्वारही सुटा पडतो. तो शिरोरेघेला जोडा, नाही तर मागाहून डिंकाने लावा.

आता उलटे काम पाहा. अक्षराच्या जागी भोक पाडून छापा करायचा असतो. धान्याच्या गोणीवर किंवा भिंतीवर तो ठेवून रंग लावतात. इथे वेगळी अडचण येते. ‘प’ हे अक्षर कापले, की त्याच्या पोटातला कागदही गळून पडतो. ‘म’, ‘व’, ‘ब’ यांचेही तसेच. पोट नाही, म्हणजे रंग लावल्यावर नुसता ठिपका उमटतो. म्हणून पोटातल्या कागदाला बाहेरच्या कागदाशी जोडणारा बारीक पूल ठेवावा लागतो. गोण्यांवर आणि पेट्यांवर छापलेली अक्षरे तुटक दिसतात, ती या पुलांमुळे. मथुरा-वृंदावनाकडे सांझी नावाची कला आहे. तिथे कागद कापून नक्षीचे छापे करतात आणि त्यावरून रंग भुरभुरवतात. ते कारागीरही कात्री चालवताना हे पूल सांभाळतात.

पूल फार बारीक ठेवू नका. कार्डशीटमध्ये दोन मिलिमीटरहून बारीक पूल टिकत नाही.

घडी आणि ओल

मखराला, डबीला, पत्रिकेला घडी घालावी लागते. कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. ताव आधी उभा वाकवून पाहा, मग आडवा. ज्या बाजूने तो सहज वाकेल, ती तंतूंची दिशा. घडी त्या दिशेने घातली, तर स्वच्छ येते. उलट घातली, तर घडीवर कागद तडकतो. पुष्कळ यंत्रांत पात्याच्या जागी पेन बसवता येते. तिथे शाई संपलेली रिफिल बसवा. ती घडीच्या जागी नुसता वळ पाडते. त्या वळावर घडी सरळ बसते.

गणपती येतात ते भर पावसाळ्यात. त्या दिवसांत हवेत ओल असते. कागद ती ओल पितो आणि मऊ पडतो. मऊ कागद कापत नाही, चुरगळतो. कोकणात तर हे फार जाणवते. म्हणून ताव प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. लागतील तेवढेच बाहेर काढावेत. जमले तर कापण्याचे काम पाऊस सुरू होण्याआधीच उरकावे. चिकटवणे मागाहून करता येते.

कागद सोडवताना

कापून झाले म्हणजे काम संपले नाही. पुष्कळ नक्षी मॅटवरून काढताना फाटते. आपण कागद धरून ओढतो, म्हणून कागद वाकतो आणि फाटतो. उलट करा. मॅट पालथी घाला. कागद खाली राहील. मग मॅट हळूहळू मागे वळवत सोडवा. कागद सपाट राहतो. बारीक जागी सुरीचे पाते किंवा जुने एटीएम कार्ड खालून सरकवावे.

हिशेब मांडा

काम घेण्याआधी हिशेब करावा. समजा, एका तावात ६ तुकडे बसतात आणि १०० तुकडे हवे आहेत. १०० ला ६ ने भागले, तर १६ पूर्ण तावांत ९६ तुकडे होतात. उरलेल्या ४ तुकड्यांसाठी आणखी एक ताव लागतो. म्हणजे १७ ताव झाले. नमुन्यासाठी आणि बिघाडासाठी ३ ताव जास्त धरा. एकूण २० ताव झाले. भाव सांगताना २० तावांची किंमत धरा, १७ ची नव्हे. त्यात दुकानदाराची कापणावळ, पात्याची झीज, मॅटची झीज आणि आपली मजुरी मिळवा. आपली मजुरी धरायला बायका नेहमी विसरतात. घरी बसून केलेले काम फुकटाचे नसते.

स्वतःचे यंत्र घ्यावे का, असे काही जण विचारतात. कर्ज काढून लगेच यंत्र घेऊ नये. एक हंगाम दुकानदाराकडून कापून घ्यावे. मॅट आणि पाते मात्र आपले असावे. काम वर्षभर मिळते की फक्त गणपतीपुरते, ते पाहावे. वर्षभर मिळत असेल, तरच यंत्राचा विचार करावा. आणि घेण्यापूर्वी आपला कागद नेऊन त्या यंत्रावर आपल्या डोळ्यांदेखत कापून दाखवायला सांगावे.

जपून काम करा

पाते बारीक असले, तरी ते बोट चिरते. पाते बदलताना यंत्राचे बटण बंद करावे. पदर, ओढणी, बांगड्या यंत्रापासून लांब ठेवाव्यात. चालू यंत्रात हात घालू नये. मोडकी पाती उघड्यावर टाकू नयेत. डबीत बंद करून ठेवावीत. मुले तिथे खेळत असतात.

आता पुन्हा तो दुकानदार आठवा. तो ‘कागद फाटतो’ म्हणाला, तर भांडू नका. त्याला म्हणा, ‘‘दादा, मॅट आम्ही आणली आहे. कागद २०० चा आहे. पाते कागदापुरतेच बाहेर ठेवा, वेग कमी करा आणि कोपऱ्यात आधी एक चौकोन कापून पाहा. ताव आमचा आहे, फाटला तर आमचा जाईल.’’

एवढे बोलायला पैसे लागत नाहीत. आणि तो चौकोन साफ सुटून आला, की पुढच्या कामाला दुकानदार नाही म्हणणार नाही.